विकलेली गाडी मनातून जात नाहीये? मग हे करून बघा

बऱ्याच गाड्या आपण विकतो आणि विसरून जातो. पण एखादी अशी असते की दहा-पंधरा वर्षांनी फोनवर सहज काहीतरी बघताना तिच्यासारखीच एक समोर येते, रंगही तोच, खाली कोणीतरी लिहिलेलं असतं की आता या शोधूनही सापडत नाहीत, आणि पोटात एकदम गलबलून येतं. माझी एक छोटी दोन सीटची होती, इंजिन पाठीमागे, बटण दाबलं की हेडलाइट बेडकाच्या डोळ्यांसारखे वर यायचे आणि त्यातला डावा उजव्याच्या मागून जरा उशिरा उठायचा. छताच्या रबरातून पावसात थेंब गळायचे म्हणून सीटमागे कायम एक निळा टॉवेल ठेवलेला. घरात बाळ येणार होतं, दोन सीटच्या गाडीत पाळणा बसणार कुठे, म्हणून विकली. तेव्हा तिला कुत्रं विचारत नव्हतं, नेणाऱ्यानेही घासाघीस करूनच नेली. आज तसल्या गाडीसाठी लोक वर्षवर्ष थांबतात.

या हळहळीचं काय करायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, सगळे एकच बोलायचे, "अरे ठेवायला पाहिजे होतीस". ते ऐकून काही उपयोग नसतो. म्हणून जे स्वतः करून बघितलं ते लिहितोय, ज्यांनी विकलीय त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी आत्ता विकायला काढलीय त्यांच्यासाठी तर जास्तच.

सगळ्यात आधी हे शोधून काढा की वाईट नक्की कशाचं वाटतंय, गाडीचं की पैशाचं. दोन्ही एकात एक इतकं मिसळलेलं असतं की आपल्यालाच कळत नाही, पण दोन्हीवरचा उपाय पूर्ण वेगळा आहे. मी स्वतःला एक प्रश्न विचारला होता, तुम्हीही विचारा. समजा तीच गाडी उद्या दारात आली, पण अट अशी की ती परत कधीच विकायची नाही आणि तिला आज काय भाव आहे ते कुणाला सांगायचंही नाही, तर हवीय का? खरं उत्तर द्या. लगेच "हो" आलं आणि डोक्यात तिचा आवाज, तिचा वास, ते क्लचचं जड पेडल आलं, तर तुम्हाला गाडीची आठवण येतेय. आणि मन जरा अडखळलं, "मग काय फायदा" असं वाटलं, तर रुखरुख पैशाची आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, पण ते एकदा मान्य केलं की पुढचं सोपं जातं.

पैशाची असेल तर हिशोब पूर्ण करा, अर्धा नको. आपण करतो काय, की आज लिलावात सगळ्यात महाग गेलेल्या गाडीची किंमत घेतो, त्यातून आपल्याला मिळालेली रक्कम वजा करतो, आणि तेवढं नुकसान झालं असं धरून बसतो. पण ती लिलावातली गाडी तुमची नाहीये हो! ती कमी चाललेली आहे, कंपनीच्या मूळ पेंटमधे आहे, पहिल्या दिवसापासूनची बिलं फायलीत आहेत, पाऊस-ऊन तिने फारसं बघितलेलंच नाही. तुमची रोज ऑफिसला जात होती, मागच्या चाकावरच्या पत्र्याला गंज धरला होता, बंपर एकदा रंगवलेला होता. तुलना करायची तर त्याच अवस्थेतल्या गाडीशी करा, आकडा तिथेच खाली येतो.

मग मधल्या वर्षांचा खर्च धरा. उभी गाडी फुकट उभी राहत नाही. टायर न चालवताही म्हातारे होतात, रबर कडक होतं (टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा, ते बघून टायरचं वय कळतं), ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून गाडी उभी असली तरी साधारण दर दोन वर्षांनी बदलावं लागतं, टाकीतलं पेट्रोल जुनं होऊन चिकट थर धरतं, बॅटरी बसते, दारांची रबरं फुटतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. वर विमा, वर जागा. आणि विकून आलेल्या पैशाचं जे झालं तेही त्याच कागदावर लिहा. माझ्याकडे त्या पैशातून चार दरवाज्यांची साधी गाडी आली, तिच्यातूनच माझी मुलगी हॉस्पिटलमधून घरी आली. हे मी लिहून काढलं तेव्हा पैशाची चुटपुट जवळजवळ गेलीच.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. ठेवली असती तर मधली पडती वर्षं सहन झाली असती का? कारण जवळपास प्रत्येक गाडीचा भाव आधी कितीतरी वर्षं नुसता खाली जातो, तळाला गेल्यावर तिथेच पडून राहतो आणि मग काहींचा, फक्त काहींचाच, वर येतो. फेरारी २५० जीटीओ बघा, १९६२ ते १९६४ मधे फक्त ३६ बनल्या, आज जगातल्या सगळ्यात महाग गाड्यांमधे तिचं नाव येतं, पण शर्यतीतलं आयुष्य संपल्यावर तिच्याकडे एक जुनी वापरलेली रेस कार म्हणूनच बघितलं जायचं आणि मालक ती साध्या भावात देऊन टाकत होते. ती माणसं मूर्ख नव्हती. त्यांच्यासमोर जे होतं त्यावरून त्यांनी ठरवलं.

उलटंही होतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या गाड्यांचे, खासकरून फेरारींचे भाव आकाशाला भिडले होते, लोकांनी कर्ज काढून घेतल्या आणि १९९० नंतर सगळं कोसळलं. त्याच सुमारास जॅग्वारच्या एक्सजे२२० या येऊ घातलेल्या गाडीसाठी ज्यांनी आधी पैसे भरून नंबर लावले होते, त्यातले काही नंतर सौद्यातून बाहेर पडायला कोर्टात गेले. म्हणजे "ठेवली असती तर" या वाक्याला "अडकलो असतो तर" हे दुसरं टोकही असतं, ते आपण कधी मोजत नाही.

आता गाड्या दुर्मिळ होतात कशा, यावर जरा थांबतो, कारण हे समजलं की स्वतःवरचा राग खूप कमी होतो आणि पुढची गाडी विकताना डोळेही उघडे राहतात.

मूळ गोष्ट अशी की गाडी दुर्मिळ होते ती लोकांनी ती ठेवली नाही म्हणूनच. सगळ्यांनी ठेवली असती तर तिला कोणी दुर्मिळ म्हटलंच नसतं. १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड घ्या, पुढे लांबच लांब नाक, मागे माणसाच्या छातीएवढा उंच पंख, नॅसकार या अमेरिकेतल्या कार शर्यतीत उतरवायची म्हणून नियमापुरत्या दोन हजारांच्या आत बनवल्या. आणि त्या शोरूममधे पडून राहिल्या, इतक्या की काही डीलरनी नाक आणि पंख काढून साध्या गाडीसारखी करून विकली. आज तोच पंख जागेवर आहे का हे आधी बघतात. ज्यांचा रोजचा धंदाच गाड्या विकायचा होता त्यांनाही तेव्हा कळलं नाही, मग आपल्याला कुठून कळणार होतं.

काही गाड्या सरकारी योजनेत जातात. अमेरिकेत २००९ मधे जुनी गाडी द्या आणि नवीनवर सूट घ्या अशी योजना आली होती, काही आठवड्यांतच पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या जमा झाल्या आणि त्यांच्या इंजिनात ऑइलच्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण घालून, इंजिन कायमचं जाम होईपर्यंत चालवून ती मारली. त्यातल्या बहुतेक साध्याच होत्या, पण साध्या गाडीचंच तर असं होतं, कोणी जपत नाही आणि एक दिवस लक्षात येतं की रस्त्यावर एकही दिसत नाही. फोक्सवॅगन बीटल २ कोटी १० लाखांहून जास्त बनल्या, २००३ पर्यंत बनत होत्या, पण मागची काच मधोमध दुभागलेली, १९५३ पर्यंतची बीटल दिसली की जाणकार माणूस रस्ता ओलांडून बघायला जातो.

मग काही गाड्या एखाद्या युगाच्या शेवटच्या असतात. पोर्शे ९११ चं हवेने थंड होणारं इंजिन १९९८ ला ९९३ मॉडेलबरोबर संपलं, तेव्हा लोकांना नवीन जास्त चांगली वाटली, आज त्या शेवटच्यांना वेगळाच मान आहे. होंडा एस२००० (१९९९ ते २००९) टर्बोशिवाय दोन लिटरचं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत फिरवायची आणि फक्त मॅन्युअल गिअरमधेच मिळायची, असली गाडी आता कोण बनवणार? आणि काही नुसत्या शर्यतीच्या नियमापायी जन्मतात, बीएमडब्ल्यू ई३० एम३ रस्त्यावर आली कारण ग्रुप ए शर्यतीच्या नियमाप्रमाणे १२ महिन्यांत ५००० गाड्या बनवणं भाग होतं, फोर्ड सिएरा आरएस५०० तर १९८७ मधे फक्त ५०० बनल्या.

आणि कायदाही भाव हलवतो. अमेरिकेत तिथल्या सेफ्टी नियमांप्रमाणे न बनलेली परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की आणता येते. निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ जपानमधे १९९९ ला आली, म्हणजे पहिल्या गाड्यांची २५ वर्षं २०२४ मधे भरली, आणि त्या तारखेकडे डोळे लावून कितीतरी लोक बसले होते. यात तुमच्या हातात काहीच नव्हतं. शिवाय शाळेत असताना ज्यांनी भिंतीवर एखाद्या गाडीचं पोस्टर लावलं ती पोरं वीस-तीस वर्षांनी कमावती होतात आणि तीच गाडी शोधायला निघतात, ही लाट जवळपास प्रत्येक पिढीत येते.

बरं, आता ज्यांचं उत्तर "गाडी हवीय" असं आलं त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी करण्यासारखं खरंच काहीतरी आहे.

पहिलं काम चासी नंबर शोधणं. नंबर प्लेट बदलू शकते, रंग बदलतो, इंजिनसुद्धा बदलतं, पण चासी नंबर तोच राहतो. जुन्या विम्याचा कागद, विक्रीची पावती, सर्व्हिसिंगची बिलं, कर्जाचे कागद, यातल्या कशावर तरी तो असतोच, आईवडिलांच्या कपाटातही बघा. १९८१ पासून अमेरिकेत आणि पुढे जवळपास सगळीकडे हा नंबर १७ अक्षर-आकड्यांचा झाला आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, म्हणून पुसट कागदावर ओ सारखं दिसतंय तर ते शून्य आहे आणि आय वाटतंय तर तो एक आहे. माझे दोन महिने याच एका चुकीत गेले. त्याआधीच्या गाड्यांचे नंबर छोटे असतात, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी.

नंबर मिळाला की त्या मॉडेलच्या क्लबला विचारा. एकेका मॉडेलचे वेडे लोक जगभर असतात आणि त्यातले बरेच क्लब चासी नंबरप्रमाणे यादी ठेवतात, कुठली जिवंत आहे, कुठली भंगारात गेली. काही देशांत सरकारी माहितीही मदत करते, ब्रिटनमधे रजिस्ट्रेशन नंबर टाकला की २००५ पासूनच्या वार्षिक तपासणीचे निकाल आणि त्या त्या वेळचं मीटर रीडिंग ऑनलाइन दिसतं, म्हणजे गाडी शेवटची कधी पास झाली ते घरबसल्या कळतं. मालकाचं नाव-पत्ता मात्र मागू नका, कोणी देणार नाही आणि द्यायलाही नको. क्लबला सांगा की माझं पत्र त्यांच्यापर्यंत पोचवा, त्यांना वाटलं तर ते बोलतील.

पत्र कसं लिहायचं? छोटं. पहिल्याच ओळीत "विकायची आहे का" असं विचारलंत तर संपलं, समोरचा दार लावून घेतो. मला घरात एका डब्यात तिची दुसरी किल्ली सापडली होती, विकताना द्यायची राहून गेलेली. मी एवढंच लिहिलं की ही गाडी अमुक ते अमुक वर्षं माझ्याकडे होती, तिची किल्ली माझ्याकडे राहिलीय ती तुमची आहे, कुठे पाठवू, आणि जुने फोटो आणि बिलं हवी असतील तर तीही देतो. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सोबत फोटो, हेडलाइट वर उचललेले, आणि डावा अजूनही थोडा खालीच! मी किती वेळ त्या फोटोकडे बघत बसलो होतो सांगता येत नाही. जुनी बिलं, जुने फोटो हे आताच्या मालकासाठी सोन्यासारखे असतात कारण त्याने गाडीचा इतिहास पूर्ण होतो, तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका.

समजा विकायला तयार झाले, तर मात्र थांबा आणि अनोळखी गाडी तपासता तशीच तपासा. ओळखीचा वास आला की आपली बुद्धी गहाण पडते. ज्याला त्या गाडीचं अजिबात कौतुक नाही असा जाणकार माणूस बरोबर न्या. चासी नंबर ठोकलेल्या जागी घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा आहेत का, इंजिन नंबर कागदाशी जुळतो का, पेंटची जाडी मोजायचं मीटर लावून कुठे लांबी (पुट्टी) भरलीय का, कार्पेट उचलून फ्लोअरचा पत्रा, मागच्या चाकावरच्या कमानी आतून. मधल्या मालकांनी बदललेलं बरंच असतं. गाडी कारखान्यातून कुठल्या रंगात, कुठल्या इंजिनासकट निघाली हे काहींच्या बाबतीत अधिकृतपणे कळतं, बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट तसं सर्टिफिकेट देते आणि १९६७ पासूनच्या अमेरिकन फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो. पार्टचीही चौकशी आधीच करा. निसानने २०१७ मधे आर३२ जीटी-आरचे बंद झालेले पार्ट परत बनवायला घेतले, टोयोटाने सुप्रा आणि अगदी साडेतीनशेच्या आसपासच बनलेल्या २०००जीटीसाठीसुद्धा काही पार्ट परत काढले, पण असं नशीब सगळ्याच मॉडेलचं नसतं, आणि एका काचेसाठी गाडी दोन वर्षं उभी राहू शकते.

नाहीच मिळाली, किंवा भंगारात गेली असं कळलं, तर त्याच मॉडेलची दुसरी एखादी एक दिवस चालवायला मिळते का बघा, क्लबमधली माणसं स्वतःहून किल्ली हातात देतात. माझ्या एका मित्राने तसं केलं, वीस वर्षं जिच्यासाठी झुरत होता ती चालवून उतरला आणि म्हणाला, "ब्रेक इतके वाईट होते का रे तेव्हा?" त्यानंतर तो शांत झाला. दुसऱ्या एकाचं उलट झालं, त्याने महिन्याभरात घेतलीच, आणि आज दर रविवारी बाहेर काढतो.

आता ज्यांची गाडी आत्ता विकायला निघालीय. बैल गेला नि झोपा केला असं व्हायला नको म्हणून हे वाचाच.

विकायचं कारण कागदावर लिहा. कारण जगण्याचं असेल, म्हणजे घर, आजारपण, मूल, कर्ज, तर विका आणि नंतर स्वतःला दोष देऊ नका. पण कारण "खूप दिवस वापरली नाही", "एक मोठं बिल आलं", "नवीन बघितली" असलं काही असेल तर एक महिना थांबा आणि त्या महिन्यात ती एकदा नीट धुऊन लांब चालवून आणा. भाव वाढेल या आशेवर मात्र ठेवू नका, आवडते म्हणून आणि जागा आहे म्हणून ठेवा. ठेवायची ठरली तर बॅटरीला मेंटेनर (तिला हळूहळू चार्ज ठेवणारा चार्जर) लावा, टायरमधे हवा नीट ठेवा, हवा खेळेल असं कव्हर घाला, प्लास्टिक नको, आणि उभ्या जागी पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करायची सवय सोडा, त्याने सायलेन्सरमधे पाणी साठून तो आतून गंजतो, चालवायचीच तर ऑइल पूर्ण गरम होईल एवढं फिरवून आणा. बदललेले मूळ पार्ट, जुनं स्टिअरिंग, मूळ चाकं, कंपनीचा रेडिओ, सगळं खोक्यात भरून त्यावर गाडीचं नाव लिहा.

आणि विकायचीच ठरली तर देण्याआधी अर्धा दिवस काढा. चासी आणि इंजिन नंबरचा फोटो, सगळ्या कागदांची कॉपी, चारी बाजूंनी फोटो, मीटर, सीटवरचा झिजलेला भाग, गिअरच्या गोळ्यावरचे पुसलेले आकडे, आणि मुख्य म्हणजे थंड इंजिन स्टार्ट होतानाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, माझ्याकडे तोच नाहीये आणि फोटोतून तो येत नाही. घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की कधी विकलीत तर आधी मला फोन करा, दोन ओळींत लिहून सही घ्या, कायद्याने ते किती टिकेल ते सोडा, पण लिहिलेलं माणसाच्या लक्षात राहतं. दोन गिऱ्हाईकं असतील आणि फरक थोडाच असेल तर जो बॉनेट उघडून आत बराच वेळ बघत बसला त्याला द्या. दुसरी किल्ली त्याच दिवशी द्या. माझ्या गाडीच्या आत्ताच्या मालकाने मला शब्द दिलाय की द्यायची वेळ आली तर पहिला फोन मला येईल, आणि तो म्हणतो छत अजूनही गळतं, सीटमागे त्यानेही एक टॉवेल ठेवलाय.